फ्रंट लोडरसाठी घरी बनवलेला हायड्रॉलिक पंजा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरला बकेटच्या जागी बसेल असा, खाली जाड पट्टीचे काटे आणि वर जॅकवर (तेलाच्या दाबाने दांडा आत-बाहेर करणाऱ्या सिलिंडरवर) उघडझाप करणारे दोन जबडे असलेला पंजा घरच्या वर्कशॉपमध्ये बनवून आता बरेच महिने झाले. या काळात त्याने ओंडके, झुडपांचे ढीग आणि पॅलेटवरच्या गोण्या उचलल्या. माझे मत असे झाले आहे की पकडण्याची ताकद सहज मिळते. कस लागतो तो पकडलेला माल सुटू न देण्यात आणि ट्रॅक्टरचा तोल राखण्यात.

ताकदीचा हिशेब सरळ आहे. ५० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जॅकला १६० बार दाब दिला, तर दांडा बाहेर ढकलताना सुमारे ३.२ टनांचे बळ मिळते. दांडा ३० मिमीचा असेल, तर आत ओढताना ते सुमारे २ टनांवर येते, कारण त्या बाजूला दांड्याची जागा वजा होते. म्हणून जबडा मिटताना दांडा बाहेर येईल अशीच मांडणी मी ठेवली. दोन्ही जबड्यांना स्वतंत्र जॅक दिले असून दोघांना तेल एकाच लाइनमधून मिळते. तेल आधी कमी विरोधाकडे जाते, त्यामुळे ओंडक्याच्या जाड टोकावर एक जबडा टेकून थांबतो आणि दुसरा बारीक टोकापर्यंत खाली येत राहतो. वेड्यावाकड्या मालावर अशी पकड एका अखंड जबड्याने मिळत नाही, आणि या पंजातले मला सर्वांत आवडलेले काम हेच आहे.

जबड्यांसाठी वेगळा लिव्हर नाही. बकेट झुकवणाऱ्या लाइनवर सोलेनॉइड डायव्हर्टर व्हॉल्व्ह बसवला असून बटण दाबले की तेच तेल जबड्यांकडे वळते. झुकवणे आणि मिटणे ही दोन कामे एकाच वेळी होत नाहीत. सवय झाल्यावर त्याचे काही वाटत नाही.

ज्या भागात काटकसर करू नये, तो म्हणजे पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह. जबडा मिटवणाऱ्या बाजूचे तेल तो अडवून धरतो आणि उघडणाऱ्या नळीत दाब आल्यावरच परतीची वाट देतो, त्यामुळे इंजिन बंद झाले किंवा होज (तेलाची लवचिक नळी) फुटला, तरी पकड सुटत नाही. मात्र तो थेट जॅकच्या पोर्टवर घट्ट बसलेला हवा. व्हॉल्व्ह आणि जॅक यांच्यामध्ये होज आला, तर तो तुकडा फुटल्यावर संरक्षण उरत नाही. शिवाय हा व्हॉल्व्ह फक्त जबड्यांसाठी आहे, लोडरच्या हातांसाठी नाही, त्यामुळे वर उचललेल्या पंजाखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये.

वजनाच्या बाबतीत लोडरच्या कागदावरचा आकडा बहुधा पिनेपाशी, म्हणजे लोडरच्या हातांना बकेट जोडतात तिथे, मोजलेला असतो. पंजाचे स्वतःचे वजन त्यातून वजा होते आणि माल पिनेच्या जितका पुढे, तितकी क्षमता आणखी घटते. मागे थ्री पॉइंटला (अवजारे जोडायच्या सांध्याला) वजन लावल्याशिवाय मी लोडर वापरत नाही, कारण तसे केले नाही तर मागची चाके हलकी होतात आणि सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो. हा एक्सल मधल्या पिनेवर डोलणारा असल्यामुळे आडवा आधार मुख्यतः मागच्या चाकांकडूनच मिळतो. उतारावर माल जमिनीलगत ठेवूनच चालवावे.

झीज सर्वांत आधी जबड्यांच्या पिनांवर दिसली. ग्रीस वेळेवर दिले तेथे बुश (पिनेभोवतीची नळकांडी) घट्ट राहिले. ग्रीस भरायच्या निप्पलपर्यंत हात नीट पोहोचत नाही त्या बाजूला मात्र जबडा हाताने हलवला की खडखड जाणवते. नवीन बनवणाऱ्याने जबडा मिटलेला आणि पूर्ण उघडलेला, अशा दोन्ही स्थितींत ग्रीस गन लागते का, हे वेल्डिंगपूर्वीच पाहावे. होजला पीळ पडू देऊ नये, आणि ग्राइंडिंगचा चुरा तेलात जाऊ नये म्हणून जोडणीपर्यंत प्रत्येक पोर्ट बंद ठेवावा.

गळती शोधताना होजवरून हात कधीही फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीखाली शिरते. जखम किरकोळ दिसली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. मी पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळ धरून तेलाचा डाग कोठे उमटतो ते पाहतो, आणि कपलर (होजचा जोड) सोडण्यापूर्वी पंजा जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लाइनमधला दाब काढून टाकतो.