गेमिंग पीसीत वाढवलेले ड्राइव्ह: २ टीबी एनव्हीएमई आणि ४ टीबी हार्ड डिस्क, काही महिन्यांच्या वापरानंतर

मूळच्या ५०० जीबी ड्राइव्हवर विंडोज आणि दोन-तीन मोठे गेम बसले की जागा संपायची. नवा टाकायचा तर जुना काढा, आणि जुना पुन्हा खेळावासा वाटला की शंभर-सव्वाशे जीबी परत उतरवा. बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० जीबी मागतो. म्हणून दोन ड्राइव्ह वाढवले: गेमसाठी २ टीबीचा चौथ्या पिढीचा एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारा जलद एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेला चिपचा ड्राइव्ह), आणि रेकॉर्डिंग, बॅकअप व जुन्या गेमसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क. पीसीत आधीचा एक साटा (केबलने जोडायच्या जुन्या पद्धतीचा) एसएसडीही होता, त्यामुळे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी वापरून पाहता आले.

रोजच्या वापरात खरा फरक पडला तो जागेचा. वेगाचा त्यामानाने फारच कमी.

हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, तिसऱ्या पिढीचा एनव्हीएमई ३५०० आणि चौथ्या पिढीचा ७००० पर्यंत. आकडे खरे आहेत, पण ते एक मोठी फाइल सलग वाचतानाचे. गेम सुरू होताना असंख्य छोटे तुकडे इकडून तिकडून वाचले जातात, प्रोसेसरला ते उलगडावे लागतात, शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार व्हावे लागतात. त्यामुळे हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलो तेव्हा मिनिटभराचं लोडिंग काही सेकंदांवर आलं. तोच गेम साटावरून एनव्हीएमईवर हलवला तर मात्र दोन-तीन सेकंदच वाचले. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज (गेमचा डेटा ड्राइव्हवरून जलद वाचायची सोय) मार्च २०२२ मध्ये पीसीसाठी आलं, जानेवारी २०२३ मध्ये फोरस्पोकनने ते प्रथम वापरलं, पण माझ्या यादीतले बहुतेक गेम अजून जुन्याच पद्धतीने लोड होतात. केवळ गेमसाठी पाचव्या पिढीचा महागडा ड्राइव्ह घेऊ नका, असं मी मनापासून सांगेन. तेच पैसे क्षमतेवर घाला.

लिहिण्याचा वेग मात्र जपून पाहा. खोक्यावर याबद्दल जवळपास काहीच लिहिलेलं नसतं. एसएसडी येणारा डेटा आधी एका जलद कॅशमध्ये घेतो: त्या भागातल्या प्रत्येक सेलमध्ये एकच बिट लिहिला जातो, आणि नंतर निवांतपणे तो प्रत्येक सेलमध्ये तीन (टीएलसी) किंवा चार (क्यूएलसी) बिटांच्या रूपात दाबून बसवला जातो. ड्राइव्ह भरत जातो तशी ही कॅश आक्रसते. ती संपली की टीएलसी ड्राइव्हचा वेग उतरतो, पण कामापुरता राहतो. स्वस्त क्यूएलसी मात्र कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. मी टीएलसी घेतला तो याचसाठी. स्टीम (गेम विकत घेऊन उतरवायचं अ‍ॅप) एखादा गेम अपडेट करताना जुन्या फाइलमधले तुकडे आणि नवे तुकडे जोडून अख्खी फाइल पुन्हा बांधतं, म्हणून छोट्याशा अपडेटलाही ड्राइव्हला बरंच लिहावं लागतं आणि मोकळी जागाही हाताशी लागते. मी पाचवा हिस्सा रिकामा ठेवतो, आणि अपडेट कुठे अडकल्याचं आठवत नाही.

माझ्या एनव्हीएमईवर स्वतःची डीरॅम (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी जलद मेमरी) नाही. तो पीसीच्या रॅममधला थोडासा भाग उसना घेतो. गेमसाठी त्याने काही बिघडलं नाही. दिवसभर मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने मात्र डीरॅमवालाच घ्यावा.

हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे ना, हे उत्पादकाच्या तपशीलपत्रात पाहून घेतलं. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, त्यामुळे थोडं बदलायलाही शेजारचं पुन्हा लिहावं लागतं, आणि गेमच्या अपडेटमध्ये ते फार जाणवतं. नवे मोठे गेम हार्ड डिस्कवर टाकायचा प्रश्नच उरलेला नाही. स्टारफील्ड आणि फँटम लिबर्टीनंतरचा सायबरपंक २०७७ किमान गरजांमध्येच एसएसडी मागतात. जुने गेम मात्र तिथून छान चालतात. एक त्रास होता: विंडोज काही वेळाने डिस्क झोपवतं आणि ती पुन्हा फिरू लागेपर्यंत गेम क्षणभर थिजतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती वेळ शून्य केली, त्रास गेला. तिचा आवाज शांत खोलीत ऐकू येतो, त्याला इलाज नाही.

बसवण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडाच. एम.२ (एनव्हीएमई ज्यात बसतो तो स्लॉट) हा फक्त आकार आहे. काही स्लॉट साटा ड्राइव्ह घेतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. माझ्या बोर्डवर दुसरा एम.२ वापरला की शेवटचे दोन साटा पोर्ट बंद होतात. तक्त्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून हार्ड डिस्कची केबल पहिल्या पोर्टला लावली. हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढायला विसरू नका. माझा स्लॉट ग्राफिक्स कार्डच्या अगदी खाली आहे, त्यामुळे लांब खेळात तापमान साठीच्या वर जातं, पण वेग कमी झालेला दिसला नाही. बोर्डासोबत हीटसिंक आला असेल तर वेगळा घ्यायची गरज नाही.

नवा ड्राइव्ह आपोआप दिसत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो जीपीटी (ड्राइव्हची विभागणी नोंदवायची नवी पद्धत) म्हणून सुरू करावा लागतो. ४ टीबीला एमबीआर (जुनी पद्धत) चालणारच नाही, कारण त्याची मर्यादा २ टीबीची. २ टीबीचे १.८१ दिसले म्हणून घाबरू नका, विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं. आधीचे गेम पुन्हा उतरवावे लागत नाहीत: स्टीममध्ये नव्या ड्राइव्हवर लायब्ररी बनवा आणि गेमच्या प्रॉपर्टीजमधून इन्स्टॉल फोल्डर हलवा.

टिकाऊपणाची काळजी वाटत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहा. माझ्या ड्राइव्हची वॉरंटी १२०० टीबी लिहिण्यापर्यंत आहे, आणि इतके गेम टाकून-काढूनही आजवर १२-१३ टीबीच लिहून झाले आहेत. नुसतं वाचल्याने सेल तसे झिजत नाहीत, आणि गेमिंगमध्ये बहुतांश वाचणंच असतं.