रॅटलिंग की झिटिंग सिस्टिकोला?
आफ्रिकेत सिस्टिकोला हे चिमुकले पक्षी म्हटलं की बर्डर (पक्षीनिरीक्षक) लोक डोकंच धरतात, पन्नासच्या आसपास जाती आणि बहुतेक सगळ्या तपकिरी, बऱ्याच जणांच्या पाठीवर रेघारेघा, आपल्या वटवट्याचेच भाऊबंद. केनियातल्या मसाई मारात गेलात तर हे दोन तरी वेगळे काढता येतील, फक्त डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा.

रॅटलिंग म्हणजे बाभळीच्या झुडपाच्या शेंड्यावर बसून चर्र-चर्र-चर्र आणि मग खुळखुळा वाजवल्यासारखी तान, नर गाताना चोच उघडतो तेव्हा आत काळंकुट्ट दिसतं! जवळ गेलात की चिडून बडबड सुरू.

झिटिंग त्याहून छोटा, १०-१२ सेंमीचा, शेपूट आखूड, आणि त्याला झुडूप नको, मोकळं गवत हवं. हा उडता उडता गातो, हवेत हेलकावे घेत प्रत्येक हेलकाव्याला एक ‘झिट’. घरटं तर कमालच, उभ्या हिरव्या गवताची पाती कोळ्याच्या जाळ्याने शिवून नर बाटलीसारखी पिशवी करतो, आतलं अस्तर मात्र मादी लावते. रॅटलिंगचं घरटं साधं, सुक्या गवताचा गोळा, जमिनीलगत.

मला विचाराल तर ओळखायला रॅटलिंग सोपा, पण बघत बसायला झिटिंगच, आणि हा तर आपल्या महाराष्ट्रातल्या माळरानावरही भेटतो.