ब्रश कटर चांगलाय हो, पण ती टोपी!

काल तिसरी टोपी गेली म्हणून लिहायला बसलो. ब्रश कटर म्हणजे गवत कापायचं इंजिनाचं मशीन; माझा 52 सीसीचा टू-स्ट्रोक, जूनमध्ये साडेनऊ हजाराला घेतला, आठ महिने झाले. बाकी माहिती सगळ्यांना असतेच, मी फक्त त्या नायलॉन दोरीच्या डोक्याखाली जी प्लॅस्टिकची टोपी असते तिच्याबद्दल बोलतो. डोकं जमिनीवर ठोकलं की आतली नवी दोरी बाहेर सुटते म्हणे. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या मुरमाड, दगडगोट्याच्या जमिनीत ठोकून बघा एकदा, दोरी सुटायच्या आधी टोपीच झिजून भोक पडतं. पहिली टोपी सप्टेंबरमध्ये गेली, द्राक्षाची छाटणी तोंडावर आणि बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या उंच वरंब्यावर, गुडघाभर गवत. दुकानदार म्हणे झिजणारी वस्तू वॉरंटीत येत नाही भाऊ, आणि सुटी टोपी मिळत नाही, अख्खं डोकं घ्या, 350 रुपये. म्हणजे टोपीपायी डोकं!

पण खरं सांगू, मशीन विकायचा विचार केला तेव्हाच बागेत फिरलो आणि मत बदललं. आधी मला बाग अंगणासारखी स्वच्छ लागायची, दरवर्षी रोटाव्हेटर नि तणनाशक. यंदा रोटाव्हेटर वेलीजवळ नेलाच नाही, कारण पांढरी मुळी वरच्या थरातच असते, दात गेले की तुटते. गवत दोन-तीन इंच ठेवून कापलं आणि कापलेलं तिथंच बोदावर पडू दिलं. उघडीप पडली तेव्हा ते उचलून पाहिलं तर खाली माती गार, ओली आणि गांडुळं. मजुरीही वाचली, निंदणीला 300 रुपये रोज द्यायचे आणि बाया मिळायच्याही नाहीत.

लव्हाळ्याला मात्र या मशीनचं काही वाटत नाही, गाठी जमिनीत असतात, आठ दिवसात परत वर. हरळीला दोरी नाही, ब्लेडच लावा. गोड छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, गवत अजिबात वाढू देऊ नका, खाली ओल कोंडली की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. आणि शेजारी मक्यात टू-फोर-डी तणनाशक मारत असेल तर हात जोडून सांगा, वारा आपल्याकडे असला की द्राक्षाची पानं पंख्यासारखी चिमतात.

दोन वेळा ड्रिपची नळी कापली, आता खिशात 16 एमएमचे जोड घेऊनच फिरतो. कोवळ्या वेलीची सालही सोलली गेली, मग जुना पीव्हीसी पाइप उभा चिरून बुडाला अडकवला.

टोपीचं म्हणाल तर काल अॅल्युमिनियमचं डोकं आणलं, 250 ला, ठोकायची भानगडच नाही, दोरीचे तुकडे हातानं ओवायचे. दर दोन ओळींना थांबून बसतो तर आप्पा बांधावरून विचारतात, "काय करी ऱ्हायना?" मी म्हटलं, सुई-दोरा. त्यांनी हातातला विळा दाखवला आणि गेले.