घरचा बायबल अभ्यास आटत चालला आहे: चालू ठेवावा, मंडळीत (चर्चच्या वर्गात) मिसळावा की बंद करावा?

गेल्या महिन्यात पुण्याहून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या घरी नऊ वर्षं दर शुक्रवारी बायबल अभ्यास चालतो. एके काळी दोन सतरंज्या अंथरूनही जागा पुरायची नाही. आता त्या स्वतः, त्यांचे यजमान, खालच्या मजल्यावरच्या ऐंशी पार केलेल्या मावशी आणि आला तर एखादा चौथा माणूस. "भाऊ, बंद करू का? पण बंद केलं तर देवाचं काम अर्ध्यात टाकल्यासारखं वाटतं."

मी नगरला असे दोन वर्ग चालवले. पहिला आपोआप विझू दिला, दुसरा रीतसर संपवला, आणि आता तीन वर्षं फक्त लेंतकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एक वर्ग घेतो. त्यामुळे ताईंपुढचा प्रत्येक पर्याय मी थोडाफार जगून पाहिला आहे. फोनवर घाईत सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न आणखी दोघातिघांनी विचारला आहे.

सगळ्यात वाईट पर्याय आधी सांगतो: काहीच न ठरवणं. माझा पहिला वर्ग असाच गेला. बायबलमधलं यशया हे पुस्तक वाचत होतो. जूनमध्ये पाऊस लागला, दोन गुरुवार चुकले, मग कुणाच्या घरी लग्न, मग शाळा. आम्ही 39व्या अध्यायापाशी थांबलो ते थांबलोच. ज्यांनी यशया वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की 40व्या अध्यायाची सुरुवातच सांत्वनाने होते. त्या सांत्वनाच्या उंबऱ्यावर आम्ही पुस्तक मिटलं. वर्ग थांबला असं कुणीच कुणाला सांगितलं नाही. चार महिन्यांनी उपासनेनंतर एक आजी मला म्हणाल्या, "आता वर्ग कुणाकडे भरतो रे? मला कुणी कळवलंच नाही." त्यांना वाटत होतं की वर्ग चालू आहे आणि त्यांना एकट्यांनाच वगळलं आहे. ही गोष्ट आजही माझ्या मनातून जात नाही.

आता खरे पर्याय.

पहिला, तीन-चार जणांचा वर्ग तसाच चालू ठेवणं. याच्या बाजूने लोक मत्तय 18:20 सांगतात, दोघे किंवा तिघे जमतात तिथे प्रभू असतो. वचन खरं आहे, पण त्याच्या आधीची वचनं वाचा. तिथे भावाने अपराध केला तर त्याला कसं समजवावं, साक्षीदार किती न्यावेत, मंडळीला कधी सांगावं, हा विषय चालू आहे. हजेरी कमी झाल्याचं समाधान म्हणून ते वचन वापरलं की आपण स्वतःलाच गप्प करतो. मी वेगळी कसोटी लावतो: गेल्या दोन महिन्यांत वर्गात कुणी असा प्रश्न विचारला का, ज्याचं उत्तर वर्ग चालवणाऱ्याकडे तयार नव्हतं? विचारला असेल तर तिघांचाही वर्ग जिवंत आहे. नसेल तर पंधरा जण असूनही तो नुसता पाठ चाललेला असतो.

तिघांत काही गोष्टी मोठ्या गटापेक्षा चांगल्या होतात. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र एकाच अध्यायाचं, रूथचे चार अध्याय, योनाचे चार. ही पुस्तकं एका बैठकीत मोठ्याने वाचून त्यावर मनसोक्त बोलता येतं. पंधरा जणांत निम्मा वेळ पान सापडण्यात जातो. आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींसाठी शुक्रवार हे आठवड्यातलं एकमेव बाहेर पडणं असेल, तर तेही तराजूत घालायला हवं. बायबल अभ्यास फक्त अभ्यासासाठी असतो असं मला कधीच वाटलं नाही.

उणी बाजू मात्र मोठी आहे. तयारी तीस जणांसाठी करा की तिघांसाठी, तेवढीच करावी लागते. एक जण आजारी पडला की वर्ग रद्द. सगळा भार एकाच घरावर आणि एकाच माणसावर येतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. कल्पना केवढी मोठी, पण सगळं त्यांच्याभोवती उभं होतं; 1919 मध्ये ते गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजनं मात्र आपल्या मंडळ्यांत आजही गातात. टिळकांसारख्यांच्या बाबतीत हे झालं, तर आपल्या हॉलमधल्या वर्गाने एका माणसाच्या बळावर कायम चालावं ही अपेक्षा आपण का ठेवतो? म्हणून हा पर्याय निवडलात तर अट एकच: दर दुसऱ्या आठवड्याला तयारी दुसऱ्या कुणीतरी करायची. त्याला कुणीच तयार नसेल, तर उत्तर मिळालंच.

दुसरा पर्याय, मंडळीच्या वर्गात मिसळणं. पाळकसाहेब बहुधा आनंदाने हो म्हणतात. जागा मिळते, चहापाण्याची काळजी जाते, शिकवणारा शिकलेला असतो. प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये पौलानेही जागा बदलली: इफिसच्या सभास्थानात तीन महिने वाद घातला, तिथे जमेना तेव्हा शिष्यांना घेऊन तुरन्नाच्या पाठशाळेत गेला आणि तिथे दोन वर्षं रोज चर्चा चालवली. जागा बदलणं म्हणजे पळ काढणं नव्हे.

पण तुमच्या वर्गात कोण बसतं ते आधी पाहा. माझ्या दुसऱ्या वर्गात एक कॅथलिक जोडपं होतं, बाकीचे प्रोटेस्टंट मंडळ्यांतले, आणि शेजारचे एक गृहस्थ, जे ख्रिस्ती नव्हते. मार्ककृत शुभवर्तमान समजून घ्यायला म्हणून येत. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं, आपल्या प्रोटेस्टंटांकडे 66. त्या जादा पुस्तकांपैकी तोबित किंवा मक्काबी वाचायचं म्हटलं की घरच्या वर्गात कुतूहल जागं होतं. मंडळीच्या वर्गात तो विषय बहुधा निघतच नाही. उलट कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेलात तर रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. तुमचं यशया किंवा इब्री लोकांस पत्र तिथे पूर्ण वाचून होणार नाही. आणि ते शेजारचे गृहस्थ? ते चर्चच्या दारातून आत येतील का, हे त्यांनाच विचारा. आमचे आले नसते, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

आणखी एक फरक सोसावा लागतो, तो प्रश्नांचा. बाळांचा बाप्तिस्मा, घटस्फोट, मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावं की काय (1 करिंथ 11 मध्ये पौल स्त्रियांच्या प्रार्थनेबद्दल बोलतो आणि 14 मध्ये गप्प राहायला सांगतो, हे एकत्र कसं वाचायचं?), हे विषय सतरंजीवर मोकळेपणाने निघतात. पाळक समोर उभे असले की माणसं ऐकतात, वहीत लिहितात, घरी जातात. यात पाळकांचा दोष नाही. शिकवणं आणि चर्चा चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चर्चा चालवणाऱ्याला स्वतः कमी बोलावं लागतं, आणि मोठ्याने बोलणाऱ्याला थांबवून कोपऱ्यात बसलेल्याला विचारावं लागतं.

हंगामी वर्ग हा तिसरा मार्ग. याची मी मनापासून शिफारस करतो, पण सगळ्यांना नाही. लेंतकाळात सहा-सात बैठका मिळतात. फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय किंवा याकोबाचे पाच त्यात आरामात बसतात. नाताळाआधीच्या आगमनकाळात चार आठवडे असतात, तेवढ्यात लूकचे पहिले दोन अध्याय सावकाश होतात. सुरुवात आणि शेवट आधीच ठरलेला असल्यामुळे दर आठवड्याला न जमणारी माणसंही येतात. माझ्याकडे असे अकरा जण येतात, त्यांतले सहा जुन्या वर्गातले. मात्र गणना किंवा यिर्मयासारखं मोठं पुस्तक या मार्गाने कधीच होणार नाही. आणि मावशींची वर्षातली चाळीस-पंचेचाळीस शुक्रवारं रिकामीच राहणार.

चौथा, रीतसर बंद करणं. पुस्तक संपताना थांबा, मधेच नको. किमान महिनाभर आधी सांगा, आणि येणं सोडलेल्यांनाही घरी जाऊन किंवा फोन करून सांगा. शेवटच्या दिवशी बोलवा. आमच्या शेवटच्या गुरुवारी लूकचा 24वा, म्हणजे शेवटचा अध्याय होता, अम्माऊसच्या वाटेवरचा. चार जणांच्या वर्गात त्या दिवशी सतरा जण आले. एकीने पहिल्या वर्षीची वही आणली होती. तिच्यात माझंच एक चुकीचं स्पष्टीकरण जसंच्या तसं लिहिलेलं होतं, ते तिथेच दुरुस्त केलं. जादा बायबलं वाटून दिली. डब्यात उरलेले पैसे कुठे द्यायचे ते सगळ्यांच्या मताने ठरवलं. ज्या दोघांना पुढे वाचायचं होतं त्यांना कुठे जाता येईल ते सांगितलं, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो. हे शेवटचं विसरू नका. नुसता पत्ता दिलात तर माणूस जात नाही.

पुण्याच्या ताईंसाठी माझं मत असं: तयारीची अट लावून पाहिली तेव्हा वर्षभरात तयारी फक्त त्यांनीच केली होती आणि यजमान थकले आहेत. म्हणून साप्ताहिक वर्ग संपवावा आणि येत्या लेंतात सहा बैठका घ्याव्यात. मंडळीत मिसळणं त्यांना सोयीचं नाही, कारण चौथा माणूस दुसऱ्या पंथाचा आहे. त्यांच्या वर्गात सध्या प्रेषितांची कृत्ये हे 28 अध्यायांचं पुस्तक चालू आहे, आता 21वा अध्याय घ्यायचा आहे. आठवड्याला एक धरला तर आठ शुक्रवार. त्या तयार झाल्या. शुक्रवार संपल्यावर मावशींकडे आठवड्याला कुणी जायचं, स्तोत्र वाचून दाखवायला, एवढं मात्र अजून ठरायचं आहे.