पाखरू फांदीवर ‘बसलं’: पोर्तुगीजमध्ये पोउज़ार की एम्पोलेइरार-से?

मराठीत पाखरू फांदीवर बसतं, पाहुणा खुर्चीवर बसतो, धूळ कपाटावर बसते. एका ‘बसणे’वर सगळं भागतं. त्यामुळे पोर्तुगीज शिकताना आपण पाखरालाही ‘सेंतार-से’ लावून मोकळे होतो. ते क्रियापद माणसाच्या बसण्याचं. पाखरासाठी निवड पोउज़ार आणि एम्पोलेइरार-से या दोन क्रियापदांतून करायची.

अडलात तर पोउज़ार घ्या, असं मी सांगेन. ते लॅटिन ‘पाउसारे’वरून आलं, थांबणं, विसावणं हा त्याचा मूळ अर्थ. उडणं संपून अंग टेकणं त्यात आहे, म्हणून मराठीतलं ‘टेकणे’ त्याला सर्वांत जवळचं. ‘ऊ पासरू पोउज़ोउ नू रामू’, पाखरू फांदीवर टेकलं. (पासरू आणि पाखरू सख्खी भावंडं वाटतात, पण पासरू लॅटिनमधल्या चिमणीवरून आलं.) फुलावरचं फुलपाखरू, टेबलावर ठेवलेला पेला, कुणावर स्थिरावलेली नजर, सगळीकडे हेच चालतं. विमानाचं मात्र देश पाहून ठरवा. ब्राझीलमध्ये विमान पोउज़ार करतं, पोर्तुगालमध्ये ‘आतेर्रार’. ब्राझीलमध्ये आतेर्रार म्हटलं की आधी मातीचा भराव आठवतो. रिओचं ‘आतेर्रू दू फ्लामेंगू’ उद्यान अशाच भरावावर आहे.

आपण ‘पुण्यात कुठे उतरलात?’ विचारतो, तेव्हा उतरणं म्हणजे मुक्काम. पोउज़ारमध्येही तो अर्थ आहे, आणि मला तो फार आवडतो. प्रवाशांच्या मुक्कामाची जागा ती ‘पोउज़ादा’. पोर्तुगालमधली पहिली सरकारी पोउज़ादा 1942 साली एल्वशला उघडली.

एम्पोलेइरार-सेच्या पोटात ‘पोलेइरू’ आहे, म्हणजे खुराड्यातली कोंबड्यांची आडवी दांडी. इथे नुसतं टेकणं नाही, उंचावर चढून बसणं आहे. तिन्हीसांजेला दांडीवर गेलेल्या कोंबड्या, गडग्यावर चढून बसलेला पोरगा, यांना हेच शोभतं. सत्तेच्या खुर्चीवर चढून बसलेल्याबद्दलही ते वापरतात, तेव्हा सूर टीकेचा असतो. शेवटचं ‘से’ गाळू नका. ते गेलं की अर्थ दुसऱ्याला उंचावर बसवण्याचा होतो. कठड्यावर क्षणभर येऊन उडालेल्या चिमणीला हा शब्द जड होईल.

लिहिताना आणखी एक जपा. पोउज़ारमधला ‘उ’ सुटला तर ‘पोज़ार’ उरतं, म्हणजे चित्रकारासमोर किंवा कॅमेऱ्यासमोर पोझ देणं. ब्राझीलच्या बोलण्यात दोन्ही बरेचदा सारखीच ऐकू येतात, त्यामुळे कानावर विसंबून लिहू नका.