दांडिया बाजारातली आहेराची वही: रकाने पाच, हवा होता सहावा

लाल कापडी बांधणी, ९६ पृष्ठं, पृष्ठावर २० ओळी. वडोदऱ्यातल्या मोठ्या रिसेप्शनलाही एक वही पुरते. कागद जाड आहे, बॉलपेन पलीकडे उमटत नाही. जेल पेन मात्र टाळा. चांदल्याच्या, म्हणजे रोख आहेर घेण्याच्या, टेबलावर घाईत हात फिरला की शाई फासते आणि ५०१ होते की १५०१, कळत नाही.

‘गाव’ हा रकाना वाया जातो, कारण निम्मे पाहुणे इथलेच. तिथे पोळ (जुन्या शहरातली गल्ली) किंवा सोसायटी लिहा, नाहीतर चार शिंद्यांपैकी कोणते, हे वर्षभराने सांगता येत नाही. यूपीआयने आलेले पैसे त्याच रात्री उतरवून घ्या.

खरी उणीव म्हणजे शेऱ्याला जागाच नाही. ‘वस्तू’चा रकाना पट्टीने मधोमध आखा आणि उजवीकडे लिहा: हळद दळून आणली, पंगत वाढली, दवाखान्यात रात्र काढली. नुसती रोख बघून परतीचा आहेर ठरवला, तर ५१ देऊन तीन दिवस राबलेली मावशी यादीत तळाला जाते. पंधरा वर्षांपूर्वीचे १०१ आज तसेच १०१ परत केले तर समोरच्याला लागतं. महागाई धरायलाच हवी. आणि हातावर पोट असलेल्या घरी जड पाकीट नेऊ नका, फेडीचं ओझं त्यांच्यावर पडतं. तिथे आदल्या दिवशी कामाला जावं.

शिवण पक्की आहे, वही सपाट उघडते. घ्यायला हरकत नाही, पट्टी-पेन्सिल सोबत ठेवा.