तीन लिप्यांची पीडीएफ: गोटेनबर्गचे परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील पतसंस्थांची कागदपत्रे एका भाषेत मावत नाहीत. सभासदाला खातेउतारा मराठीत हवा असतो, सरकारी कचेरीत जाणारे पत्र कन्नडमध्ये लिहावे लागते, आणि लेखापरीक्षणाचे तक्ते बहुधा इंग्रजीत असतात. पुष्कळदा तर एकाच पानावर तिन्ही लिप्या शेजारी येतात. म्हणून सर्व्हरवर पीडीएफ तयार करणारी प्रणाली किती वेगवान आहे यापेक्षा तिच्यातून या तिन्ही लिप्या शुद्ध उतरतात का, हा निकष मी आधी लावतो. त्या निकषावर गोटेनबर्ग ही मुक्तस्रोत प्रणाली मला उत्तम वाटते. मात्र तिची मांडणी आपल्या गरजेनुसार करून घ्यावी लागते.

डॉकर म्हणजे प्रणाली तिच्या सगळ्या सामग्रीसह 'कंटेनर' नावाच्या एका बंद डब्यात चालवण्याची सोय. त्याच्या एकाच कंटेनरमध्ये येथे क्रोमियम ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हा मुक्तस्रोत कार्यालयीन संच ही दोन्ही इंजिने मिळतात. वेबपान किंवा एचटीएमएल (वेबपान ज्या संकेतांत लिहितात तो मजकूर) पाठवल्यास ते क्रोमियमकडे जाते, वर्ड किंवा एक्सेलची फाइल लिब्रेऑफिसकडे जाते, आणि उत्तरादाखल पीडीएफ परत येते. पूर्वी अशा कामाला सर्रास वापरले जाणारे डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे साधन जुन्या वेबकिट इंजिनावर बेतलेले होते आणि २०२३ मध्ये त्याचा प्रकल्प बंद करण्यात आला, त्यामुळे नव्या कामासाठी त्याचा विचारच करू नये.

खरी कसोटी फॉन्टची आहे. विंडोजवरचे मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट लिनक्सच्या कंटेनरमध्ये नसतात, आणि योग्य फॉन्ट सापडला नाही तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. नोटो या मोफत फॉन्टमालिकेतील देवनागरी आणि कन्नड फॉन्ट घालून स्वतःची डॉकर प्रतिमा (कंटेनर ज्यावरून सुरू होतो तो साचा) बांधून ठेवावी, आणि पानाच्या शैलीत दोन्ही फॉन्टांची नावे स्पष्ट लिहावीत, म्हणजे फॉन्टची निवड नशिबावर राहत नाही. एवढे केल्यावर मराठीतला रफार, 'कुऱ्हाड'मधला अर्धा र आणि कन्नडमधली अक्षराखाली बसणारी ओत्तक्षरे क्रोमियम बिनचूक मांडते. प्रत्येक परिच्छेदाची भाषाही एचटीएमएलमध्ये नोंदवावी. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' स्वतंत्र दिलेले असतात, त्यात ती रूपे या नोंदीमुळेच उमटतात. आपल्या भाषेचे वळण कागदावर टिकावे याचे मला फार मोल वाटते आणि त्यासाठी घेतलेले हे कष्ट मी अनाठायी मानत नाही.

लिब्रेऑफिसची बाजू त्या मानाने उणी आहे. मूळ फॉन्ट नसल्यास दुसरा फॉन्ट घेतला जातो, ओळी सरकतात आणि पानांची संख्या बदलते. वार्षिक अहवालाच्या अनुक्रमणिकेसाठी ही गोष्ट गंभीर आहे. शिवाय हे इंजिन एका वेळी एकच फाइल हाताळते व उरलेल्या रांगेत थांबतात. म्हणून ३१ मार्चनंतर मोठ्या संख्येने काढायचे उतारे वर्डच्या नमुन्यातून न काढता एचटीएमएलमधूनच काढावेत. जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी प्रमाण पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेल्या इतिवृत्तांना तर कोणतीच रूपांतर प्रणाली थेट उपयोगी पडत नाही, कारण त्या फाइलींमध्ये देवनागरी नसून रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. त्यांचे आधी युनिकोड करावे लागते.

वेगळे सांगितले नाही तर गोटेनबर्ग कागदाचा आकार अमेरिकी लेटर धरते, तेव्हा ए-फोरची मापे पीडीएफच्या प्रत्येक मागणीत द्यावीत, नाहीतर छपाईच्या वेळी समास बिघडतात. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या त्यांच्या जागांसह साठवल्या जात असल्याने देवनागरी मजकूर दिसायला शुद्ध असूनही शोधताना किंवा नक्कल करताना वेलांट्या इकडेतिकडे होऊ शकतात. सभासदाचे नाव पुढे शोधावे लागणार असेल तर मूळ एचटीएमएल किंवा माहितीकोशातील नोंद पीडीएफसोबत जतन करावी.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. बाहेरून आलेला पत्ता उघडणारा ब्राउझर सर्व्हरच्या अंतर्गत जाळ्यातील पानेही उघडू शकतो, म्हणून गोटेनबर्ग इंटरनेटवर उघडे न ठेवता फक्त संस्थेच्या आज्ञावलीलाच त्याच्यापर्यंत पोहोचता येईल असे ठेवावे. परवान्याचे शुल्क नाही आणि सभासदांचे उतारे परक्या सर्व्हरवर पाठवावे लागत नाहीत, या दोन कारणांसाठी डॉकर जाणणारा एखादा माणूस हाताशी असलेल्या पतसंस्थेला मी हीच प्रणाली सुचवीन.